भाकरीची थाप थांबली की…

नलिनीबाईंना रेडिओवाल्यांनी फसवलं. हे आधी सांगते, मग बाकीचं. आमच्या भागातल्या ज्या छोट्या रेडिओ केंद्रासाठी त्यांनी नाटक लिहिलं, त्याच केंद्राने नाटकाचा शेवट कापला, त्या जागी दुसराच चिकटवला आणि बाईंच्या नावावर ऐकवला. बाई तेव्हा दवाखान्यात होत्या. पुढे थोड्याच दिवसांत त्यांच्या मुलीचा फोन आला. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या माझ्या चटणीच्या दुकानामागे मी शेंगदाणे भाजत होते. "आक्का, आई गेली," एवढंच ती म्हणाली. कढईतले दाणे करपून गेले, मला कळलंही नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. बाईंबद्दल गोड लिहायला माझी ना नाही. पण फसवणाऱ्यांबद्दल गोड का लिहू?

बाई बार्शीच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर लेकीकडे सोलापुरात आल्या. पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी दाण्याच्या व्यापाऱ्याला धारेवर धरलं होतं. पोत्यात वर टपोरे दाणे, खाली किडके. "वरचे घरी न्या तुमच्या, खालचे दाखवा आदी!" असं माझं चाललेलं. तो पोतं उचलून पळाला आणि बाई पिशवी धरून आपल्या उभ्याच.

"मला हा आवाज हवाय," त्या म्हणाल्या.

"चटणी पायजे का आवाज?"

"दोन्ही द्या."

मग त्यांनी सांगितलं. नवरा बायकोला मारतो, शेजारपाजारचे भिंतीआडून ऐकतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात, यावर त्या रेडिओसाठी नाटक लिहीत होत्या. बायको रखमा, नवरा सुदाम, आणि शेजारीण गोदाक्का. गोदाक्का मी व्हायचं. मी आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्या बोलीला घेतलेली नाही. म्हटलं, "गोदाक्का रडणार न्हाय, आन उपदेश तर मुळीच करणार न्हाय." "एकदा तरी रडू द्या." "न्हाय." "गळा दाटून आला तर?" "दाटू दे की. रडणार न्हाय." बाई खळखळून हसल्या आणि सौदा पक्का झाला. खरं कारण मी त्यांना नंतर सांगितलं. माझ्याही सासरच्या भिंती पातळ होत्या. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं, दारात कुणी यायचं नाही. मी निघाले ती माझ्या पायांनी, आणि हे दुकान उभं केलं ते माझ्या हातांनी. बाईंनी ते नुसतं ऐकून घेतलं. "बिचारी" म्हणाल्या नाहीत. तिथंच त्या मला आवडल्या.

पहिल्याच भागात आम्ही घोळ घातला. सुदाम रखमाला मारतो तो आवाज हवा होता. मी दाण्याच्या पोत्यावर असा काही हात मारला, की ध्वनिमुद्रण करणारा दचकला. आम्ही खूश! जिथं केंद्राचा आवाज पोचत नाही, तिथं आम्ही स्पीकर घेऊन जायचो. तसा हा भाग उजनीच्या काठच्या एका गावात पारावर लावला. फटका वाजला आणि मागं बसलेले बाप्ये हसले. "आरं, कसली वाजिवली!" एकाने तर टाळी दिली. पुढच्या बाया मान खाली घालून बसल्या. परतताना बाईंनी जीपमध्येच फटक्याची ओळ खोडली. मग म्हणाल्या, "आक्का, आपण त्यांना तमाशा दाखवला. मार ऐकवायचाच नाही."

"मग काय ऐकवायचं?"

"ते सापडायचंय."

सापडलं माझ्याच स्वयंपाकघरात. बाई ओट्याला टेकून संवाद वाचत होत्या, मी काठवटीत ज्वारीची भाकरी थापत होते. बाहेर मोटारसायकल थांबली. दाणेवाला असेल म्हणून मी हात थांबवून कान दिला. बाई ओरडल्याच, "थांबा! नाही, थापा! आता पुन्हा थांबा!" मला वाटलं, ह्यांना झालं तरी काय! पण कागद खाली टाकून त्या अक्षरशः नाचत होत्या. भाकरीची थाप चालू आहे, मोटारसायकल येते, आणि थाप थांबते. बस्स. पुढं काही ऐकवायचं नाही. नवऱ्याची गाडी आली की जिचा हात थांबतो, तिला पुढचं माहीत असतं. दुसऱ्या भागापासून तसंच केलं आणि तो लावला तेव्हा पारावर कुणी हसलं नाही. थाप थांबली तशी एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. एक बाप्या उठून तंबाखू थुंकायला गेला, तो परत आलाच नाही.

पण थाप थांबल्यावर गोदाक्काने करायचं काय? बाईंनी तिला चार ओळींचं भाषण लिहून आणलं. मी कागद परत दिला. दारात जाऊन भाषण ठोकलं तर नंतर रखमालाच जास्त मार बसणार. "विरजण मागायला जाऊ द्या तिला," मी म्हणाले. दिवेलागणीनंतर आमच्याकडे कुणी विरजण देत नाही. म्हणजे ती मागणार, सुदाम नाही म्हणणार, ही हटून बसणार, वाद दारात होणार, आणखी दोन बाया वाटी घेऊन येणार. तेवढ्यात त्याचा हात खाली येतो. बाईंनी एक अट घातली: गोदाक्काने एकटीने जायचं नाही, आणि पुढं काय करायचं ते रखमा ठरवेल, गोदाक्का नाही. ही अट मी घासाघीस न करता मान्य केली.

आणि काय सांगू, ते नाटकातून बाहेर आलं! पुढच्या फेरीला त्याच गावातली एक बाई आम्हाला केळीच्या बागेपाशी अडवून सांगू लागली, "आवं बाई, आमच्या गल्लीत लई विरजण लागाया लागलंय!" तिच्या शेजारचा गडी आता गाडी लावतानाच ओरडतो म्हणे, "आज विरजण न्हाय म्हनावं!" बायांची हसून मुरकुंडी. बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. "आक्का, चाललं! आपलं चाललं!" सगळीकडे चाललं असं मी म्हणत नाही. त्या गल्लीत चाललं.

म्हणून शेवटच्या भागात बाईंनी जीव ओतला. आता बाई नको, बाप्या उठला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. थाप थांबते. आजवर टीव्हीचा आवाज वाढवणारा सुदामचा मित्र दत्तू वाटी घेऊन दारात येतो. सुदाम हसतो, "तू? आन विरजण?" दत्तू म्हणतो, "व्हय. आन बसनार हाय मी हितंच. थापू दे तिला." बराच वेळ काहीच नाही… मग थाप पुन्हा सुरू होते. माफी नाही, गळ्यात गळे नाहीत. ध्वनिमुद्रण झालं तेव्हा दत्तू झालेला पंप दुरुस्तीवाला कपाळाचा घाम पुसत होता आणि बाई काचेपलीकडून दोन्ही हात उंचावून उभ्या होत्या.

तो भाग लागला तेव्हा मी दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी होते, फोन उशीवर ठेवलेला. थाप थांबली. दत्तू आलाच नाही. सुदामचं रडणं आलं, मग रखमाचा आवाज, "जाऊ द्या, झालं गेलं." वर सनई. बाईंनी डोळे उघडले. "आक्का, हे दुसऱ्या भागातलं वाक्य आहे. तेव्हा ती घाबरून बोलली होती." मी केंद्रावर जाऊन टेबलावर हात आपटला. केंद्रप्रमुख म्हणाले, "घर मोडायला शिकवतो असं दिसायला नको. वरून सांगणं आलं." वरून म्हणजे कुणी? ते छताकडे बघत बसले.

बाईंच्या नाटकातली ती काठवट माझीच. अजून तिच्यातच थापते. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की हात थांबतो, आणि बाई "आता पुन्हा" म्हणतील म्हणून कान देते… कुणी म्हणत नाही.

रखमाला भीतीने "झालं गेलं" म्हणायला लावणारा सुदाम नाटकातला होता. तिच्याकडून तेच दुसऱ्यांदा म्हणवून घेणारा माणूस खरा आहे, कुठल्यातरी खुर्चीत बसलेला आहे. त्याने नावानिशी पुढं यावं, आणि त्याच केंद्रावरून, त्याच वेळेला दत्तूला दारात येऊ द्यावं. माझं झालं गेलं होत नाही. मला उत्तर पाहिजे: कापलं कुणी?