अंगणातला देवकापूस

साठ सालाच्या आसपास मी कापूस संशोधनात मदतनीस होतो. राळेगावकडच्या एका तांड्यावर एका म्हातारीच्या अंगणात, देवाच्या वातींसाठी लावलेलं देवकापसाचं झाड होतं. छपराहून उंच, वीस वर्षांचं. त्याच्या कळ्या नेऊन मी सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजली. सव्वीस! वावरातल्या देशी पराटीची, म्हणजे शेतातल्या कापसाच्या रोपाचीही तेवढीच, आणि ती तर वर्षात संपते.

पुन्हा जाऊन म्हातारीला हे नवल सांगितलं. तळहातावर वात वळता वळता, मान वर न करता ती म्हणाली, “वावरातली पराटी तुमी दरसाल उपटता, बाबू. जे लवकर बोंड देते त्याचंच बी पेरता. मंग तिचं झाड कायले होईन?”

मी ते अहवालात लिहिलं. आमच्या साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली. “अडाणी बाईचं ऐकून विज्ञान लिहितोस?”

पुढच्या परिषदेत त्यांनी तेच वाक्य स्वतःचं म्हणून वाचलं. टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून ओरडावंसं वाटलं, हे त्या म्हातारीचं आहे!

पण कोणत्या म्हातारीचं? दोनदा तिच्या अंगणात बसलो, झाडाचं वय विचारलं. तिचं नाव मीही विचारलं नव्हतं.