हिंदीतलं समाधान

"पर भाभीजी, समस्या क्या थी?"

शेजारच्या आंटींनी हे अगदी हळू, काळजीच्या सुरात विचारलं. त्या आणि आई बाहेर उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. मी आतल्या खोलीत, उघड्या खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसले होते, आणि बोलणं माझ्याबद्दल चाललं होतं. आईने त्यांना नुकतंच मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "हमारी लड़की को उधर बहुत समाधान है।"

उधर म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं एक छोटं बेट, आणि त्याच्या किनाऱ्यावरचं एक गाव, जे नकाशात शोधावं लागतं. मी शाळेच्या इंग्रजी पुस्तकांची प्रुफं वाचते. ते काम कुठूनही करता येतं. कॉलेजातली एक मैत्रीण तिथल्या शाळेत शिकवत होती, म्हणून थोडे दिवस तिच्याकडे गेले. पुढे तिची नोकरी संपली, ती परत आली. मी राहिले.

सुट्टीत हिंदी मुलखातल्या आमच्या इंद्रपुरीच्या घरी आले, तेव्हा आई-बाबांनी धरूनच ठेवलं होतं की आता मी कायमची आले. बाबांनी माझ्या खोलीत नवं टेबल आणून ठेवलं होतं, खिडकीला डासांची जाळी बसवून घेतली होती. तिकडची खोली मी सोडलेलीच नाही, घरमालकिणीला परत येते असं सांगून निघाले आहे, हे मला त्या टेबलाकडे बघून बोलता येईना. रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं. चहा संपायचा, बाबा पेपर उघडायचे, आणि राहून जायचं.

लहानपणापासून मी माणसं चुकवत आले आहे. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, घरात मराठी, आणि तिन्ही ठिकाणी गप्प. कॉलनीत समोरून कुणी येताना दिसलं की मी मोबाइल काढते. त्या गावात गेल्यावर पहिल्यांदा पाव आणायला गेले, काउंटरपाशी उभी राहिले आणि हळूच पाव मागितला. दुकानातली बाई नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, माझं इंग्रजी तिला कळलं नाही. मागे उभ्या असलेल्या एका म्हातारीने माझ्या खांद्यावर बोट टेकवून सांगितलं, बाळ, आधी गुड मॉर्निंग म्हण. तिथे दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये, कुठेही शिरलं की तिथल्या सगळ्यांना मिळून गुड मॉर्निंग म्हणायचं, मग कामाचं बोलायचं. न म्हणणारा उद्धट. सुरुवातीला मी दाराबाहेर थांबून ते मनात दोनदा म्हणून बघायचे. मग लक्षात आलं की तेवढं म्हटलं की झालं. तुझं लग्न झालं का, पगार किती, हे पुढे कुणी विचारत नाही. मी म्हणायला लागले. आता जरा मोठ्यानेही म्हणते.

बाकी तिथे फारसं काही नाही. वीज जाते. मालाचं जहाज उशिरा आलं की कांदे मिळत नाहीत. माझ्याकडे दोन पातेली आहेत आणि एका दोरीवर मावतील एवढे कपडे. दुपारी काम आटोपलं की मी पायात चपला न घालता समुद्रावर जाते आणि होड्या ओढून घेणाऱ्यांकडे बघत बसते. मला झोप चांगली लागते.

फोनवर मी आईला एवढंच, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं. तिने त्यातून नेमका शब्द काढला होता. शब्द मराठीत अगदी बरोबर होता, फक्त तिने तो हिंदी वाक्यात घातला. हिंदीत समाधान म्हणजे तोडगा; ते समस्येचं होतं, तक्रारीचं होतं. आंटींना ऐकू आलं ते असं, की पोरीचं काहीतरी बिघडलं होतं आणि ते परदेशात जाऊन निस्तरलं.

"समस्या कुछ नहीं," आई म्हणाली. "पहले से ही समाधानी है वो।"

"अच्छा, मत बताइए। हर घर में कुछ न कुछ होता है।" मग आवाज आणखी खाली आला. "लड़के का चक्कर था?"

"कौन सा लड़का?" आई खरोखरच गोंधळली होती.

संध्याकाळी आंटी माझ्यासाठी गाजराचा हलवा घेऊन आल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "बेटा, पुरानी बातें अब मत सोचना।" मी बरं म्हटलं. हलवा छान होता.

जेवताना आईने विचारलंच. "ती अशी का बघत होती गं तुझ्याकडे? तुझं काही होतं का, मला न सांगितलेलं?"

मग मी दोन्ही भाषांतला फरक सांगितला. बाबांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तू शेजारी जाहीर केलंस, की पोरीची भानगड एकदाची मिटली."

"मी फक्त समाधान म्हटलं."

"तेच म्हणतोय मी."

"तुम्ही जन्मभर कारखान्यात हिंदी बोललात. मला कधी सांगितलं नाहीत ते."

"तू मला मध्ये बोलू देतेस कुठे?"

आईला हसू आवरेना. पदराने डोळे पुसत ती हसत राहिली, आणि तिच्यामुळे आम्हीही. हसणं थांबल्यावर बाबा माझ्याकडे वळले.

"पण आई म्हणते ते खरं का? मराठीतलं?"

मी हो म्हणून मान हलवली. आमच्या घरात माझ्या मान हलवण्याला उत्तर समजतात. त्या दिवशी मात्र आईने भाताचा चमचा खाली ठेवला.

"आणि इथे नाही का ते?"

ती रागावली नव्हती. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. आता गप्प राहिले असते, तर तिने स्वतःच त्याचं उत्तर लावून घेतलं असतं, आणि ते चुकीचं असतं.

"इथेही आहे, आई," मी म्हटलं. "पण मी परत जाणार आहे. आणि या वेळी तिकडेच राहायचं म्हणून जाणार आहे. तुम्ही दोघं एकदा या, राहा माझ्याकडे, आणि मग मला काय बोलायचं ते बोला."