पिस्ता रंगाचा स्वेटर

शेजारी रंगकाम निघालं आणि त्या वासाने आमचा हॉल रंगवला तेव्हाची थंडी आठवली. दुकानदाराने रंगाचा नमुना मागितला, तेव्हा माझ्या पिशवीत सासऱ्यांसाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची पिस्ता लोकर होती, तीच दाखवली. त्याने हुबेहूब तोच रंग काढून दिला. हॉल झाला, स्वेटरही झाला. मनमाडहून आलेल्या नणंदेने आत येताच विचारलं, "बाबा कुठे गेले?" भिंतीला टेकून बसलेले सासरे म्हणाले, "इथेच आहे गं." सगळे पोट धरून हसले. मी ओशाळून म्हटलं, "बाबा, दुसऱ्या रंगाचा विणून देते." ते हळूच म्हणाले, "नको. तुझ्या सासूला मी दिसलो, की ती भाजीला पिटाळते." आता उन्हाळा लागलाय, पण ते स्वेटर काढायला तयार नाहीत.