कित्तूरच्या पुढे तुटलेली चेन

“भावजींचा हट्ट, दुसरं काही नाही. लॉरीवाला अक्काला न्यायला तयार होता. ह्यांनीच तिला खाली उतरवून घेतलं, कारण ती गेली असती तर ह्यांची सायकल जागची हलली नसती. मग हे पुढे ऐटीत बसले आणि अक्काला बेळगावपर्यंत सायकल ओढायला लावली. म्हणून तिला अप्पा भेटले नाहीत.”

माझ्या पत्नीच्या तेराव्याला, मळमड्डीतल्या माझ्याच घरी, माझ्याच पंगतीत बसून माझ्या मेव्हण्याने हे सांगितले. चाळीस वर्षांहून अधिक काळ तो हेच सांगत आला आहे. ती होती तोवर मी गप्प राहिलो. आता राहणार नाही.

त्याच्या कथनातले जे खरे आहे ते आधी मान्य करतो. मी पुढे बसलो होतो आणि सायकल ती एकटी ओढत होती. ऐटीत मात्र नव्हे.

ती दोघांनी मिळून चालवायची सायकल होती. टँडम म्हणतात तिला. कोप्पीकर रोडच्या मागे बसणाऱ्या एका कारागिराने दोन निराळ्या सायकली कापून, सांधून ती मला करून दिली होती. पुढचा भाग आडव्या दांडीचा, पुरुषी. मागचा खाली वाकवलेला, साडी नेसून बसता येईल असा. पुढच्या पायडलांपासून एक चेन मागच्या पायडलांना, आणि तिथून दुसरी चेन मागच्या चाकाला. रविवारी आम्ही कधी केलगेरीच्या तळ्यापर्यंत, कधी थेट कित्तूरपर्यंत जाऊन येत असू. “मास्तर, इंजिन पुढं आहे की मागं?” असे गल्लीतले लोक विचारत. “अहो, त्यांना सांगा, मागं,” असे ती मागूनच म्हणे.

सत्तरचे दशक संपत आले होते. हिवाळ्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी बेळगावहून तार आली : वडील अत्यवस्थ, दोघेही या. ‘दोघेही’ हा शब्द वाचून ती रडू लागली. आमचे लग्न सासऱ्यांना नको होते. “हा माणूस तुला अर्ध्या वाटेत सोडील,” असे त्यांनी तिला तोंडावर सांगितले होते, आणि आठ वर्षे मी त्यांचा उंबरा ओलांडला नव्हता. बसेस संपामुळे बंद होत्या. सोयीची आगगाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. पंचाहत्तर किलोमीटर हे आम्हा दोघांना सहा तासांचे काम होते. हिशेब माझा होता आणि तो चुकीचा नव्हता. उजाडताच निघालो.

कित्तूर मागे पडले आणि तासाभरात माझ्या पायांखालचे ओझे एकाएकी नाहीसे झाले. दोन पायडलांना जोडणारी चेन तुटली होती. माझ्या खिशात जास्तीची कडी होती, पण ती मागच्या चेनची. दोन निराळ्या सायकलींच्या चेनी एका मापाच्या नसतात हे मला ठाऊक होते, आणि तरीही मी एकच कडी बरोबर घेतली. ही चूक माझी. ती कोणी मला सांगायला नको.

आता चाक फक्त तिच्या पायांनी फिरणार होते. हँडल फक्त माझ्या हातांत. जागा बदलावी तर साडीत तिला आडवी दांडी ओलांडता येईना, आणि मागच्या हँडलने सायकल वळत नाही.

तेवढ्यात कापसाच्या गाठींनी भरलेली लॉरी आली. मी हात केला. आत एकाच माणसापुरती जागा होती. “हत्रि अक्का, लगू हत्रि!” चढा, लवकर चढा, असे ड्रायव्हर ओरडत होता. मी तिची कापडी पिशवी आत ठेवली, सासऱ्यांच्या घराचा पत्ता ड्रायव्हरला दोनदा सांगितला आणि तिला हात देऊन चढवले.

“आणि तुम्ही?”

“मी ढकलत येतो. रात्रीपर्यंत पोहोचेन. तू जा.”

लॉरी सुटली आणि वीसेक पावलांवर तिने दार उघडून उडी टाकली. गुडघे फुटले. धुरळ्यात लॉरी पिशवीसकट निघून गेली.

मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो इतका.

“त्यांनी दोघांना बोलावलंय,” ती म्हणाली. “मी एकटी उतरले, की अप्पा म्हणणार, बघ, सोडलंच ना अर्ध्या वाटेत? तेच मनात घेऊन त्यांनी जायचं नाही. बसा पुढं.”

दुसरी लॉरी थांबली नाही. मलप्रभेच्या पुलापर्यंत तिने ओढले. पुढे प्रत्येक चढाला उतरून दोघांनी ढकलले. सपाटीवर मी माझी रिकामी पायडले फिरवीत राहिलो, कारण नुसते बसणे मला सहन होईना. त्यांना काही ओझे नव्हते. माझ्या पाठीमागे तिचा श्वास शिटीसारखा वाजत होता. “थांबू या का?” असे विचारले की ती उत्तर देत नसे, श्वास वाया जाईल म्हणून. हिरेबागेवाडीला लोक हसले. मी वळून पाहिले नाही. पाहिले असते तर तिचे तोंड दिसले असते.

पाच वाजता पोहोचलो. सासरे अडीचला गेले होते.

दारात ती भावाला सांगू लागली, “मीच लॉरीतून...” मी तिचा दंड धरून तिला गप्प केले. वडील गेल्याच्या घटकेला तिच्या डोक्यावर तेही ओझे कशाला? मेव्हण्याने अर्धे वाक्य ऐकले आणि उरलेले स्वतः रचले. त्या रचनेत मी दुष्ट ठरलो त्याचे मला काही नाही. पण ती मला जुंपलेल्या बैलासारखी ठरते, ते मी मान्य करणार नाही. त्या दिवशी रस्त्यावर ठरवणारी ती होती.

मी तिला पाठवलेच नव्हते, असे मेव्हणा म्हणतो. मी लॉरीत ठेवलेल्या त्या पिशवीत तिने वडिलांसाठी विणलेली तपकिरी कानटोपी होती. आम्ही उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा ती कानटोपी सासऱ्यांच्या डोक्यावर होती.