दाणी सरांची चंपा

तीन माणसं आणि एक मेंढी एका प्रयोगशाळेत असली, की किस्से साठायला वेळ लागत नाही. साल एकाहत्तर. जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्या तिन्ही पाळ्यांत चालू, आणि आमच्या पॅथॉलॉजीत डॉक्टर दाणी रक्तातल्या पांढऱ्या पेशी परक्याला कसं ओळखतात, ते शोधत बसलेले. मी शालू, त्यांची टेक्निशियन. शिपाई रामदीन.

सरांना पेशी ओळखू यायच्या, माणसं नाही. एकदा कमानिया गेटपाशी एक बाई भाजीची पिशवी पुढे करून उभ्या राहिल्या. सरांनी अदबीनं विचारलं, "अच्छा, आपण कोणत्या वॉर्डातल्या?"

"तुमच्या स्वयंपाकघरातल्या," वहिनी म्हणाल्या.

*

लढाई लागली तसे फॅक्टरीतले लोक जवानांसाठी रक्त द्यायला रांगा लावू लागले. सर प्रत्येकाकडे एक छोटी ट्यूब जास्तीची मागत. दीक्षितपुऱ्याचे एक फिटर काका भडकले. "काहून द्यायची? ही कोणत्या जवानाला जाते?"

"कोणालाच नाही जी. तुमचं रक्त कोणाशी लढते, ते मी पाहून राहिलो."

काकांनी दुसरी बाही वर केली.

*

लोकांच्या पांढऱ्या पेशींना मेंढीच्या रक्तपेशी चिकटतात. किती चिकटतात, ते सर मोजत. मेंढी एकच, चंपा. दोन वर्षांचं सगळं काम तिच्या रक्तावर उभं. मेंढी बदलली की पुन्हा श्रीगणेशा. सर तिला रोज हातानं चणे चारत. वहिनींनी एकदा खिडकीतून ते पाहिलं आणि डबा न देताच परत गेल्या.

*

एका दुपारी हवाई हल्ल्याच्या तालमीचा सायरन वाजला. रामदीन चंपाच्या आवाराचं फाटक उघडं टाकून खंदकात, आणि चंपा मागच्या मैदानात, एका मेंढपाळाच्या कळपात. मोजल्या तर चाळीस, सगळ्या पांढऱ्या. गळ्यावरच्या सुईच्या खुणा लोकरीत बुडालेल्या.

रामदीन म्हणाला, "साहब, कोई भी ले लो, सब एक जैसी हैं."

सर मटकन बांधावर बसले. "दोन वर्षं पाण्यात गेली ना माझी." मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी खिशातले चणे दाखवले. चाळीसच्या चाळीस धावत आल्या.

मग सरांनी दुसऱ्या खिशातून सिरिंज काढली आणि उंच धरली.

एकोणचाळीस मेंढ्या चणे खात राहिल्या. एक शेपूट आवळून सुसाट पळत सुटली.

तिच्यामागे धावताना सरांचा चष्मा पडला, तरी ते ओरडत होते, "तिनं ओळखलं, शालूताई, तिनं ओळखलं!"