खांबामागची जागा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल चर्चच्या मिस्सेत, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत, फादर म्हणाले, "एकमेकांना शांती द्या," म्हणजे हात मिळवून किंवा हात जोडून सलोखा करा, तेव्हा माझ्या शेजारच्या दोघी जावा नुसत्याच समोर बघत राहिल्या. मग थोरली म्हणाली, "हात दे गं, उरलेलं घरी भांडू." धाकटी हसली आणि तिने हात दिला.

माझा धाकटा भाऊ पास्कू. भांडण त्याने उकरून काढलं, असं मी गावाला सांगत आलो. खरं असं की आमच्या सामाईक विहिरीच्या पंपाला रागाने कुलूप मी लावलं आणि त्याची केळी वाळली. पुढे त्याला शांती द्यायची वेळ नको म्हणून चर्चमध्ये मी खांबामागे बसू लागलो. पास्कू मात्र दर रविवारी पुढच्या बाकावरून वळायचा आणि खांबाकडे पाहून हात जोडायचा.

क्षमा मागितल्यावर मिळते, असं मला वाटे. ती मला आधीच मिळाली होती. मी फक्त खांबामागून बाहेर यायचं होतं.

पास्कू गेल्यापासून मी त्याच्याच जागेवर बसतो. शांतीच्या वेळी मागे वळतो, खांबाकडे बघतो आणि मनात म्हणतो, पास्कू, मी कुलूप लावायला नको होतं.