अमीरबीची काच

शिशाची गोळी सरळ आहे की वाकडी, हे दिंद्रुडच्या अमीरबीला काच सांगत असे. काच म्हणजे फुटक्या आरशाचा वीतभर तुकडा. मागचा पारा कधीच उडाला होता. सकाळी ऊन ओट्यावर आलं की ती काचेची एक बाजू विटेवर टेकवायची आणि वरून एकेक गोळी सोडायची. चांगली गोळी नाकासमोर खाली यायची. वाईट गोळी मधेच डुगडुगायची, एका कुशीला झुकायची आणि कडेवरून खाली पडायची. तिच्या पोटात हवेचा बुडबुडा राहिलेला असायचा. बाहेरून तो कुणालाही दिसला नसता.

काचेवरून नीट आलेली गोळी पितळी पट्टीच्या भोकातून जाई. घट्ट बसली तरी बाद, सैल गेली तरी बाद. उरलेली प्रत्येक गोळी अमीरबी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवी. साच्याची शिवण बोटाला लागली की तीही गेली. मग तळहातावर राहायच्या त्या थोड्याच.

गोळ्या तिच्या नवऱ्याच्या, मैनुद्दीनच्या, हवेच्या बंदुकीच्या होत्या. त्याच्या बापाने ती हैदराबादेतून, कुठल्याशा नवाबाच्या मोडीत निघालेल्या सामानातून आणली होती. नळी बिजागरीपाशी मोडून दाबली की आत हवा भरायची. मैनुद्दीन ती घेऊन जत्रा करी. चौसाळ्यापासून परळीपर्यंत लोक त्याला बंदूकवाला म्हणत. सुतळीला मातीच्या पणत्या टांगायच्या. पणती फोडील त्याला रेवड्या. गोळ्या तो मालगाडीच्या डब्यांची तुटकी शिशाची सिलं वितळवून घरीच ओतायचा. परळीला रेल्वे आल्यापासून त्यांची ददात नव्हती.

डब्या दोन होत्या. काचेच्या कडेवरून पडलेल्या गोळ्या मोठ्या डबीत जात. ती गिऱ्हाइकांची. त्याचं नवराबायकोला कधी काही वाटलं नाही. निवडलेल्या गोळ्या लहान डबीत. ती बताशाची.

बताशावरच सगळं चालायचं. दुकान मांडलं की अमीरबी बाजूला उभी राहून हात लांब करी. दोन बोटांच्या टोकांत बताशा. मैनुद्दीन बैलगाडीच्या लांबीइतका मागे जाऊन तो उडवी. गर्दी जमायची ती त्यासाठी. मग लोकांना वाटे, इतकं सोपं असेल तर आपणही पणती फोडू.

लग्नानंतर पहिल्यांदा त्याने बताशा धरायला सांगितलं, तेव्हा तिने बंदुकीकडे पाहिलं होतं, मग आपल्या हाताकडे.

"धरीन," ती म्हणाली होती. "पर गोळी मी निवडीन."

तो हसला होता. "कबूल. जो बताशा धरील त्यानं गोळी निवडावी."

तेव्हापासून तोच कायदा. गोळ्यांचा नवा घाणा ओतला की ती बंदूक ज्वारीच्या पोत्यावर टेकवून परसातल्या भिंतीवर दोनचार मारून पाही. बंदूक तिलाही येत होती. लोकांसमोर मात्र ती कधी हातात घ्यायची नाही.

त्या वर्षी चौसाळ्याच्या बाजारात मैनुद्दीनचा पहिला बताशा हुकला. लोक हसले. त्याने दुसरी गोळी भरली. या वेळी तिची बांगडी फुटली. काच मनगटात शिरली. थोडंसंच रक्त आलं.

"गोळी वाकडी होती," तो म्हणाला.

घरी आल्यावर अमीरबीने लहान डबी पुन्हा काचेवर रिकामी केली. एकही गोळी कडेला गेली नाही. दुपारी तो नमाजाला गेला, तेव्हा तिने बंदूक पोत्यावर टेकवली आणि त्याच डबीतल्या गोळ्या भिंतीवरच्या चुन्याच्या ठिपक्यावर मारल्या. भिंतीला भोक एकच पडलं. ते खोल होत गेलं, एवढंच.

रात्री जेवताना तिने त्याच्याकडे लक्ष ठेवलं. पाण्याच्या तांब्याला त्याने हात घातला. मूठ तांब्याच्या अलीकडेच मिटली. मग जणू तसंच करायचं होतं अशा थाटात त्याने हात पुढे नेला. त्याच्या उजव्या डोळ्यात दुधाची साय धरल्यासारखं काहीतरी होतं.

सांगावं, असं तिला वाटलं. पण तिला माणूस माहीत होता. डोळा गेला म्हटलं असतं, तर तिला खोटं पाडायला त्याने त्याच घडीला बताशा धरायला लावला असता. आणि बोटं तिची होती. याच दोन बोटांवर घरातल्या गोळ्या निवडल्या जात होत्या.

परळीच्या शिवरात्रीच्या जत्रेला निघताना तिने लहान डबीतल्या गोळ्या पदराच्या गाठीत बांधल्या, पेटीच्या किल्लीबरोबर. लहान डबीत मोठ्या डबीतल्या भरल्या.

परळीत दुकान मांडून झाल्यावर मैनुद्दीनने हात बसवायला लहान डबीतल्या गोळ्या पणत्यांवर मारल्या. एक डावीकडून गेली. एक वरून. एक सुतळीला लागली.

"शिसंच खराब हाय औंदा," तो वैतागून म्हणाला. "बताशा नको करू या."

"नको तर नको," अमीरबी म्हणाली आणि पणत्या टांगू लागली. तिला मोकळं वाटलं.

शेजारी बद्रीनाथ हलवायाचं दुकान होतं. बताशे दरवर्षी त्याच्याकडूनच यायचे.

"काय बे मैनुद्दीन, माझे बताशे सादळाय लागले," तो ओरडला. "भ्यालास का काय?"

"शिसं खराब हाय."

"मंग निवड की. का तेबी तुझी बायकोच करती? मंग तू करतूस काय, जत्रंत मिशा दाखवतूस?"

आजूबाजूचे खो खो हसले. मैनुद्दीनचे कान लाल झाले.

"आण गं ती काच," तो म्हणाला.

तिने पेटीतून काच काढून दिली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. त्याने ती फळीवर तिरकी लावली आणि लहान डबीतली पहिली गोळी सोडली. डोळ्यांनी त्याला तिची वाट दिसली नसावी. त्याने मान वाकवून कान काचेजवळ नेला. इतकी वर्षं ओट्यावरून तो आवाज त्याने ऐकला होता. चांगली गोळी एकच लांब रेघ ओढल्यासारखी वाजायची. ही अडखळत गेली आणि कडेवरून पडली. दुसरीही पडली. तिसरीही. त्याने डबी बंद केली.

"ह्या तू ठिवल्यास."

"व्हय."

"कावून?"

ती हळू आवाजात म्हणाली, "तुमाला गोळीवर रागावता यावं म्हून."

मैनुद्दीन काचेकडे बघत राहिला. फुटक्या बांगडीचा वण तिच्या मनगटावर अजून ताजा होता. तो त्याला दिसत होता की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"अन् चांगल्या कुठं हायती?"

तिने पदराची गाठ सोडली. त्याने त्याही काचेवरून सोडल्या, एकेक, कान लावून. एक उचलली. मग बंदूक तिच्या हातात दिली.

"बद्रीनाथ," तो म्हणाला, "एक बताशा दे. मोठा बघून दे."

बताशा दोन बोटांत धरून तो तिच्या जागेवर जाऊन उभा राहिला. हात लांब केला. लोक गोळा होऊ लागले.

"अरं, बाई मारती की काय!" कुणीतरी म्हणालं.

अमीरबीने पदर खोचला. नळी मोडली. त्याने निवडलेली गोळी सवयीने अंगठ्याखाली फिरवली. बारीकसा पोचा लागला. शिसं मऊ. किल्लीशेजारी राहून गोळीला खोच पडली होती. ते गाठ मारतानाच तिला सुचायला हवं होतं.

गर्दी वाट बघत होती. त्याने निवडलेली गोळी होती ती, सगळ्यांसमोर.

"ही न्हाई," ती म्हणाली. "दुसरी द्या."

"ऐक मैनुद्दीन!" बद्रीनाथ हसून म्हणाला. "नापास झालास!"

मैनुद्दीन हात खाली घेऊन परत आला. चिडला नाही. काच लावली, कान लावला, दुसरी गोळी काढली आणि या वेळी आपणही बोटांत फिरवून पाहिली. तिच्या हातावर ठेवली. तिने फिरवली. मान डोलावली.

तिने बंदूक फळीवर टेकवली. त्याने ती कधी टेकवली नव्हती. दोघाचौघांनी त्यावरून नाकं मुरडली. तिने श्वास सोडला आणि चाप ओढला.

बताशाचा भुगा झाला. मैनुद्दीनने हात तोंडाजवळ नेऊन बोटं चाटली.

"सादळलेला न्हवता रे," तो बद्रीनाथला म्हणाला.

त्यानंतर पुढच्या सगळ्या जत्रांत बताशा तोच धरी आणि मारायची ती. कायद्याप्रमाणे गोळी तो निवडी, कानाने. ती बोट फिरवून मगच भरी. गोळ्या पदरात बांधणं तिने सोडलं. आता त्या कापसात ठेवल्या जात. गिऱ्हाइकांची मोठी डबी मात्र होती तशीच राहिली.